आपोआप जाग्या होणाऱ्या पेशी

प्रयोगशाळेच्या कागदोपत्री बाईंच्या हुद्द्याला दीड ओळ लागायची, पण त्यांचं काम एका वाक्यात मावण्यासारखं होतं. त्या सातूचे दाणे कापायच्या. दाढीच्या पात्याने, आडवे, एका घावात. अंकुराकडचा तुकडा टोपलीत, उरलेला काचेच्या भांड्यात. दिवसाला चारशे दाणे, आणि असे दिवस अठ्ठावीस वर्षं. एवढ्या काळात चार संचालक आले नि गेले, इमारतीला दोनदा रंग लागला, बाईंचं पातं तेवढं टक् टक् चालू राहिलं.

दाणा कापायचा कशासाठी, हे बाई नव्या माणसाला दोन मिनिटांत समजावत. दाण्यात अंकुर हा मालक. दाणा भिजला की मालक जागा होतो आणि एक संप्रेरक सोडतो. त्याचं नाव जिबरेलिन. ते पोचतं सालीखालच्या पातळ थरातल्या पेशींपर्यंत. निरोप मिळाला की या पेशी कामाला लागतात. रस पाझरून दाण्यातलं पीठ विरघळवतात, मालकाला भरवतात, आणि त्याचं पोट भरलं की स्वतः मरून जातात. दुसरं एक संप्रेरक आहे, ते म्हणतं, ‘थांबा’. ते मिळालेल्या पेशी महिनोन् महिने नुसत्या बसून राहतात, टुणटुणीत.

“ऑफिसातल्यासारख्या,” असं बाई इथे न चुकता म्हणत.

आता कोणत्या निरोपाने पेशी काय करते हे नीट बघायचं, तर मालक मध्ये नको. म्हणून तो कापून टाकायचा. उरलेले अर्धे दाणे तीन दिवस भिजवायचे, थर सोलायचा, पेशींच्या भिंतीही विरघळवायच्या, आणि त्या उघड्या, एकेकट्या पेशी बशीत घेऊन त्यांना बाटलीतलं संप्रेरक थेंबाथेंबाने द्यायचं. मालकाला हाकलायचं आणि त्याचा आवाज बाटलीतून ऐकवायचा, असा हा एकूण उद्योग.

या उद्योगात बारा वर्षांपूर्वी सरांना एक मोठा शोध लागला होता. संप्रेरकाचा थेंबही न देता शंभरातल्या एकतीस पेशी आपण होऊन कामाला लागत होत्या. सरांनी त्याला ‘आपोआप जागृती’ म्हटलं. शोधनिबंध गाजला. सर देशोदेशी जाऊन सांगू लागले की पेशी ही हुकमाची ताबेदार नाही, तिला स्वतःचं मन आहे, ती आतून जागी होते. ते बोलायचेही सुरेख. शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, “आणि आपण माणसं मात्र आदेशाची वाट बघत बसतो.” यावर टाळ्या पडत. परत आल्यावर हेच सर गळका नळ बदलायला तीन सह्यांचा आदेश आल्याखेरीज प्लंबरला आत घेत नसत, ती गोष्ट निराळी.

आणि आता गेलं दीड वर्ष एकही पेशी आपोआप जागी होत नव्हती.

हे खापर फुटलं पोरीवर. पोरगी म्हणजे सरांची विद्यार्थिनी, वय एकोणतीस. बाईंना मावशी म्हणायची. सरांच्या शोधाचा पुढचा मजला बांधण्यासाठी तिला घेतलं होतं. पहिली दोन वर्षं झकास गेली. कधी तीस टक्के, कधी तेहतीस. सर तिला ‘आपली मुलगी’ म्हणायचे. मग एकाएकी आकडा शून्यावर आला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला. तिने पाणी बदललं, दाण्यांचं पोतं बदललं, बश्या बदलल्या, भिजवण्याचं कपाट खिडकीपासून लांब नेलं. संप्रेरक दिलं की पेशी शहाण्यासारख्या काम करत; न दिलं की ढिम्म.

“हात जड आहे तुझा,” सर म्हणाले होते. “पेशी नाजूक असतात. तू सोलतेस का बटाटे किसतेस?”

तेव्हापासून पोरगी स्वतःच्या हातांकडे चोरट्यासारखी बघायची. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायची.

संशय सगळ्यांवर घेऊन झाला होता. पाण्यावर, हवेवर, शेतकऱ्यावर, पोरीवर. फक्त बाईंच्या कापावर कोणी घेतला नव्हता. बाईंचा काप हा त्या इमारतीतला एकमेव न हलणारा खांब होता. बाहेरचे पाहुणे आले की सर त्यांना मुद्दाम बाईंच्या टेबलापाशी आणायचे आणि म्हणायचे, “बघा, न बघता कापतात.” बाई खरंच न बघता कापून दाखवायच्या.

मंगळवारी समिती बसणार होती. पोरीला पुढे ठेवायचं की तिची नोंदणी रद्द करायची, हे ठरवायला. साडेतीन वर्षं एका सहीसरशी पाण्यात जाणार होती.

शुक्रवारी संध्याकाळी बाई घरी आल्या त्या तोंड पाडूनच. त्यांचे यजमान निवृत्त पोस्टमन होते. आता पत्रं नव्हती, म्हणून ते दिवसभर वर्तमानपत्र वाटल्यासारखं वाचत. एक पान या खोलीत, एक त्या खोलीत.

“आज काय, सातू कडू निघाला?” त्यांनी चहा पुढे करत विचारलं.

“चेष्टा पुरे हं. पोरीला घालवतायत मंगळवारी.”

“केलं काय तिनं?”

“काही नाही केलं. तिच्या पेशी काही करत नाहीत, हाच गुन्हा.”

मग बाईंनी सगळं रामायण सांगितलं. अठ्ठावीस वर्षांत यजमानांनी ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं असावं.

“थांब, थांब. म्हणजे पत्र न येताच या बाया कामाला लागायच्या?”

“पेशी हो. शंभरातल्या एकतीस.”

“आणि तुझे सर म्हणतात, आपोआप?”

“आतूनच जाग येते म्हणतात.”

“अगं, पस्तीस वर्षं दारोदार हिंडलोय मी,” यजमान म्हणाले. “बाहेरून कुलूप आणि आतून भांडी वाजतायत, असं शंभरदा पाहिलं. घर आपोआप वाजत नाही. आत कोणीतरी राहिलेलं असतं.”

बाईंनी चहाचा घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली.

आत कोण राहणार? आत राहण्यासारखा एकच होता, मालक. आणि मालकाला बाहेर काढायचं काम कोणाचं?

त्या उठून आत गेल्या. चष्म्याची डबी उघडली. बाईंना चाळिशी लागली ती सत्तावन्नाव्या वर्षी; म्हणजे लागली होती केव्हाच, त्यांनी लावून घेतली तेव्हा. मधली बारा वर्षं त्यांनी वर्तमानपत्र हातभर लांब धरून, सुई शेजारणीकडून ओवून आणि ‘या दिव्यांचा उजेडच मेला मंद’ असं म्हणून काढली होती. शेवटी एकदा हातातल्या कागदावरचा बसचा नंबर चुकीचा वाचून, भलत्याच बसमध्ये बसून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या, तेव्हा यजमान त्यांना धरून चष्मेवाल्याकडे घेऊन गेले होते. डबीत चष्मेवाल्याची चिठ्ठी होती. तिच्यावर तारीख होती.

पोरीच्या वहीतली शेवटची चांगली तारीख बाईंना पाठ होती. पोरगीच रोज घोकायची ती. दोन्ही तारखांत नऊ दिवसांचं अंतर होतं.

“काय गं, पांढरी का पडलीस?” यजमानांनी दारातून विचारलं.

“काही नाही. उजेड मंद आहे मेला,” बाई म्हणाल्या.

शनिवारी प्रयोगशाळेला अर्धी सुट्टी असायची. सगळे गेल्यावर बाईंनी शंभर दाणे मोजून घेतले. पन्नास चष्मा लावून कापले. मग चष्मा काढून ठेवला आणि पन्नास तसेच, बोटांच्या सवयीने. मजा अशी की दुसऱ्या पन्नासाला हात झरझर चालला. काप सरळ, घाव एक, लय पक्की. चष्मा नसताना बाई यंत्रासारख्या कापत होत्या.

मग चष्मा पुन्हा चढवून त्यांनी ते तुकडे भिंगाखाली धरले.

बऱ्याच दाण्यांच्या कडेला पिवळसर, नखाच्या कडेएवढी पातळ टोपी उरली होती. अंकुराचा शेवटचा पापुद्रा. एवढासा, पण मालक तो मालकच. तीन दिवसांच्या भिजवणीत तेवढ्या पापुद्र्याने हुकूम सोडला असणार, आणि थर सोलताना तो गळून पडला असणार. पुढे बशीत पेशी एकट्याच दिसायच्या. त्यांच्या कानात आधीच कोणी सांगून गेलंय, हे कोणाला कळणार?

खात्रीसाठी बाईंनी जुनी पद्धत वापरली. हल्ली तिला कोणी विचारत नसे, कारण तिला यंत्र लागत नाही. दोन बश्यांत पिठाची खळ थिजवून तिच्यावर अर्धे दाणे मांडायचे. ज्या दाण्याच्या पेशी काम करतात त्यांच्याभोवतीचं पीठ विरघळतं. दोन दिवसांनी वर आयोडीन ओतलं की पीठ असेल तिथे सगळं निळं-काळं होतं, आणि विरघळलेल्या जागी स्वच्छ चांदोबा उमटतो.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी आयोडीन ओतलं. चष्म्याच्या बशीत अमावस्या. बिनचष्म्याच्या बशीत सोळा चांदोबे.

पन्नासात सोळा. बाईंनी मनात दुप्पट केली आणि त्या स्टुलावर बसल्या. बारा वर्षं सर ज्याला पेशीचं मन म्हणत जगभर हिंडले, ती बाईंची न लावलेली चाळिशी होती.

गप्प बसणं सोपं होतं, हे बाईंना मान्य करावं लागलं. निवृत्तीला चार महिने. निरोपाच्या भाषणात ‘बाईंचा हात’ येणार हे ठरलेलं. त्या हातावर त्यांनी आयुष्यभर पोट भरलं होतं आणि थोडी मानही वर ठेवली होती. चांदोबे धुऊन टाकायला एक मिनिट लागलं असतं. शेजारच्या फळीवर ‘थांबा’चं संप्रेरक दिलेल्या पेशींची बशी होती, पाच महिन्यांपासून जशीच्या तशी. रोज कोणीतरी तिच्याकडे बघून म्हणायचं, वा, अजून जिवंत आहेत. बाईंनी त्या बशीकडे जरा वेळ पाहिलं. मग स्वतःच्या दोन बश्या उचलल्या आणि सरांच्या खोलीकडे निघाल्या.

सरांनी बश्या पाहिल्या. बाईंचं बोलणं ऐकलं. नंतर बश्या टेबलाच्या कडेला सरकवल्या.

“बारा वर्षं,” ते म्हणाले.

“हो सर.”

“अकरा भाषणं केली मी या विषयावर.”

“चौदा, सर. तुमच्या तिकिटांची फाइल माझ्याकडेच असते.”

सरांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज एकदम गोड झाला. बाईंना तो आवाज माहीत होता. नळासाठी सही हवी असली की लागायचा.

“बाई, आपण असं करू. पोरीला अजून दोन महिने मिळवून देतो मी. तेवढ्यात तुम्ही तिच्यासाठी दाणे कापा. जुन्या पद्धतीनं.”

“म्हणजे?”

“म्हणजे, तुम्हाला चष्म्याशिवाय जास्त सोयीचं पडतं, असं तुम्हीच आता म्हणालात.”

“लवकर होतं म्हणाले. बरोबर होतं म्हणाले नाही.”

“अहो, विचार करा. तिचे आकडे परत येतील. पदवी मिळेल. तुम्ही चार महिन्यांत मोकळ्या. मी दोन वर्षांत. कोणाचं काय बिघडलं?”

हिशोब खरंच चोख होता. पोरीची साडेतीन वर्षं वाचत होती. खरं सांगितलं तर वाचतीलच याची खात्री नव्हती. ज्या मजल्यावर ती बांधत होती तो मजलाच नाही म्हटल्यावर समिती तिला काय देणार? डोळे मिटून पन्नास दिवस कापायचं, एवढंच. सवय तर होतीच.

“तिला विचारते,” बाई म्हणाल्या.

“तिला कशाला मध्ये आणता?”

“मध्ये तीच आहे, सर. आपण कडेला आहोत.”

पोरगी मागच्या खोलीत बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेक पेशी मोजत होती. शून्यच येणार हे माहीत असूनही मोजत होती, आणि वहीत दर वेळी शून्य सुवाच्य लिहीत होती. बाईंनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. चष्मा, पापुद्रा, सोळा चांदोबे, सरांची तोड. काही मागे ठेवलं नाही. ‘तू म्हणशील तसं करू’ हेही सांगितलं, कारण त्या क्षणी त्यांना स्वतःला ठरवायचं धाडस नव्हतं.

पोरीने पेन वहीत ठेवून वही मिटली. पदवीचं विचारेल, मंगळवारचं विचारेल, आपल्यावर भडकेल, असं बाईंना वाटत होतं. भडकायचा हक्क होताच तिला.

“मावशी,” ती म्हणाली, “म्हणजे माझा हात जड नाही?”

“नाही गं. तुझा हात अगदी बरोबर होता. तुझं शून्यच खरं होतं.”

पोरीने तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग रडली. मग मध्येच हसू फुटलं.

“दीड वर्ष मी घरी भाजीसुद्धा चिरत नाहीये! आई म्हणते, तुला झालंय काय. मी म्हणते, माझा हात वाईट आहे.”

“आईला म्हणावं, मावशीचा डोळा वाईट होता.”

“मला ते एकतीस टक्के नकोत, मावशी,” डोळे पुसत ती म्हणाली. “परत आले तर मोजताना मला ओकारी येईल.”

झालं. जे बाईंना अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाने ठरवता येत नव्हतं ते पोरीने नाक पुसता पुसता ठरवलं.

मंगळवारी समितीचे तीन सभासद आणि सर लांबट टेबलामागे बसले. बाईंना आत जायचा अधिकार नव्हता. म्हणून त्या पाण्याचे पेले घेऊन गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. सरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पोरगी उभी राहिली, तिने दोन बश्या पुढे ठेवल्या आणि शांतपणे सांगितलं की आपोआप जागृती म्हणून काही नसावं.

समितीतल्या ज्येष्ठ बाई जाड भिंगांचा चष्मा लावून होत्या. त्यांनी बश्यांवरून नजर फिरवली.

“कापले कोणी?”

“मी,” पाण्याचे पेले म्हणाले. म्हणजे त्यांच्या मागून बाई म्हणाल्या.

“इथे कापून दाखवाल?”

पातं बाईंच्या खिशात असायचंच; घरच्या किल्ल्या विसरतील, पातं नाही. त्यांनी दहा दाणे चष्मा लावून कापले, दहा काढून. दुसरे दहा कापताना एक सभासद न राहवून म्हणाला, “काय सफाई आहे हो!” बाईंना पहिल्यांदाच या वाक्याची लाज वाटली.

ज्येष्ठ बाईंनी भिंग उचललं, पण डोळ्याला लावलं नाही. ते टेबलावरून सरकवत सरांपुढे नेलं.

“तुम्ही बघा आधी. शोध तुमचा आहे.”

सरांनी भिंग घेतलं. एक तुकडा पाहिला. दुसरा, तिसरा. ‘दिसत नाही’ म्हणण्याची सोय होती. भिंग सरांच्या हातात होतं, आणि त्या टेबलावर सरांचा शब्द चालत असे. चौथ्या तुकड्यावर ते थांबले. तो त्यांनी उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा पाहिला. बाईंना एकाएकी बारा वर्षांमागचे सर दिसले, केस काळे असलेले, रविवारीही येऊन बश्यांत डोकं खुपसणारे.

“अंकुर आहे,” सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, कोणी विचारलं नसताना, “आधीच्या एका तुकड्यावरही आहे.”

समितीने पोरीला आठ महिने दिले. विषय बदलायचा : एकेकट्या पेशी निरोपाशिवाय काम करत नाहीत, आणि किती सूक्ष्म निरोप त्यांना पुरतो, हे सिद्ध करायचं. नखाच्या कडेएवढा पापुद्रा एवढं काम करतो, हेच मुळात कोणाला माहीत नव्हतं, असं ज्येष्ठ बाई म्हणाल्या. अट एकच, दाणे पोरीने स्वतः कापायचे. बाईंचे कापलेले दाणे पुराव्यात चालणार नाहीत. हे ऐकून बाईंनी मान डोलावली आणि रिकामे पेले गोळा केले. अठ्ठावीस वर्षांचा शेवट असा होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण पेले तर घेऊन जायलाच हवे होते.

राहिलं ते पत्र. गाजलेला निबंध मागे घेत असल्याचं सरांना नियतकालिकाला कळवायचं होतं. आठवड्याने त्यांनी बाईंना बोलावून मसुदा पुढे केला. त्यात लिहिलं होतं की साहाय्यक कर्मचाऱ्याच्या दृष्टिदोषामुळे दाण्यांवर अंकुराचे अंश राहिले होते.

“तुमची हरकत?” सरांनी विचारलं. या खेपेला आवाज गोड नव्हता, नुसता थकलेला होता.

“नाही. खरंच आहे ते.” बाईंनी कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. “पण मुलीच्या हाताचं कुठे आहे?”

“कसलं?”

“दीड वर्ष तिचा हात जड म्हणालात. सगळ्यांसमोर. ते कुठे खोडलंय?”

“बाई, वैज्ञानिक पत्र आहे हे. यात हातांबद्दल कसं लिहिणार?”

“डोळ्याबद्दल लिहिलंत की.”

सरांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग दृष्टिदोषाच्या वाक्याखाली, छापील ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, हाताने एक वाक्य घातलं : गेली दीड वर्षं आमच्या विद्यार्थिनीला मिळणारे निष्कर्ष अचूक होते, आणि ते आम्ही मानले नाहीत.

बाईंनी पत्र मागच्या खोलीत नेलं. पोरीच्या समोर दाण्यांचा ढीग होता आणि तर्जनीला पट्टी; पातं नवीन होतं, हात नव्हे. तिने ते वाक्य उभ्याउभ्या वाचलं, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि कागद टेबलाच्या कोरड्या बाजूला ठेवला.

“किती झाले?” बाईंनी विचारलं.

“एकशे दहा. तुम्हाला किती वेळ लागायचा?”

“ते नको विचारूस,” बाई म्हणाल्या, आणि तिच्या कापलेल्या दाण्यांतला पहिला दाणा त्यांनी भिंगाखाली धरला.